वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दलवाई

अयोध्या मंडपमातलं प्रवचन संपलं की जवळच्या कॉफीच्या दुकानाशी आम्हा चार-पाच निवृत्तांचं दुसरं प्रवचन सुरू होतं. वेस्ट मांबलममध्ये साठी उलटलेला प्रत्येक जण मामा असतो. त्यातल्या एका मामांनी परवा विचारलं, "सार, तुम्ही वाचणारे. इस्लाममध्ये श्रद्धेचं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य बसतं का?" त्यांचं उत्तर तयार होतं: बसत नाही. दुरैसामी सबवेच्या पलीकडे, टी. नगरात, माझे एक प्राध्यापक मित्र राहतात. त्यांचंही उत्तर तयार असतं: बसतं, आणि जे मारतात ते खरे मुसलमानच नव्हेत.

या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण दोघंही निकाल मागायला एकाच दारात जातात. इस्लाम म्हणजे काय हे मौलवीने सांगायचं, एवढं दोघांना मान्य आहे. मामांना कडक मौलवी हवा, प्राध्यापकांना मवाळ. माझं भांडण या मान्यतेशी आहे.

पोथीत शोधायला गेलं तर दोघांनाही माल मिळतो. कुराणाच्या दुसऱ्या सुरेतली 256वी आयत धर्माच्या बाबतीत बळजबरी नाकारते, आणि धर्म सोडणाऱ्याला या जगात अमुक शिक्षा द्या असं कुराण सांगत नाही. तरीही सुन्नींच्या चारही फिक्ह-परंपरांतल्या जुन्या शास्त्रकारांनी हदीसचा आधार घेऊन धर्मत्यागी पुरुषाला मृत्युदंड सांगितला. दोन्ही खरं आहे. जो पहिलं सांगून दुसरं लपवतो तो लबाड, आणि जो दुसरं सांगून पहिलं लपवतो तोही.

पण कोइंबतूरच्या फारूकने यातली कुठली आयत वाचायची होती? एकतीस वर्षांचा भंगारमालाचा व्यापारी, द्राविडर विडुदलै कळगमचा कार्यकर्ता, मुसलमान घरात जन्मलेला नास्तिक. 'देव नाही' असा फलक हातात धरलेल्या आपल्या मुलाचा फोटो त्याने टाकला होता. 16 मार्च 2017 च्या रात्री त्याला फोन करून बाहेर बोलावलं आणि भोसकून मारलं. पकडले गेलेले मुसलमान होते. फारूकच्या वडिलांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितलं, की आता मीही मुलाच्या संघटनेत जाणार.

तमिळनाडूत हे वाक्य काही नवीन नाही. पेरियारांच्या पुतळ्यांखाली ते दगडात कोरलेलं आहे, आणि बसच्या खिडकीतून आम्ही ते रोज वाचतो. मामा यावर छाती फुगवतात: "बघा, आम्ही पेरियारला सहन केलं." केलं खरं, पण किती खुशीने केलं ते मांबलमच्या जुन्या लोकांना विचारावं. 2006 साली श्रीरंगमला पेरियारांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, तेव्हा याच दुकानाशी कॉफी जरा गोड लागली होती. आणि दाभोलकर (2013), पानसरे (2015), कलबुर्गी (2015) यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना कुठल्या हदीसची गरज पडली? मी हे म्हटलं की मामा घड्याळ बघतात.

प्राध्यापकांनी इथे खूश होऊ नये. 'सगळीकडेच असं असतं' असं म्हणून फारूकचा खून तांदळात खडा चुकवावा तसा बाजूला सारण्याची त्यांची सवय मला मामांच्या आनंदाइतकीच वाईट वाटते. मारेकरी खरे मुसलमान नव्हेत म्हणताना ते मुसलमानपणाची पावती फाडायचा हक्क स्वतःकडे घेतात. मारेकऱ्यांनीही तोच हक्क घेतला होता.

आपल्या मराठीत हा प्रश्न दुसऱ्या रीतीने मांडून झाला आहे. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी कुणाची परवानगी मागितली नाही. 18 एप्रिल 1966 ला सात मुसलमान बायका त्यांच्याबरोबर मुंबईत विधिमंडळावर चालून गेल्या, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणाल्या. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्दबातल ठरवायला 22 ऑगस्ट 2017 उजाडला. 1970 साली पुण्यात दलवाईंनी मंडळ काढलं, त्याचं नाव 'मुस्लिम सत्यशोधक' ठेवलं. 'सत्यशोधक' फुल्यांचं, आणि 'मुस्लिम' हा शब्दही त्यांनी सोडला नाही. श्रद्धा नसलेला माणूसही या समाजाचा असू शकतो, त्याच्याबद्दल बोलू शकतो, हा दावा त्या नावातच होता. 1977 साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न होता दहन झालं, धार्मिक विधींशिवाय. दलवाईंचा इस्लाम खरा की मौलवींचा, हे ठरवणारे आपण कोण? आपण एवढंच पाहावं, की दलवाईला बोलता येतं का, आणि बोलून झाल्यावर तो संध्याकाळी घरी पोचतो का.

आता माझं सांगतो. दिलीप चित्र्यांनी केलेलं दलवाईंचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे. ओळखीचा एक तमिळ मुसलमान तरुण ते वाचायला घेऊन गेला. तीन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा वर वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर होतं. म्हणाला, "सार, मी वाचलं हे कुणाला सांगू नका. बहिणीचं लग्न व्हायचंय, जमातीत जावं लागतं." ही गोष्ट कॉफीच्या दुकानाशी सांगितली असती तर मामांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी सांगितली नाही. इथे लिहितो आहे तेही त्याला विचारून, आणि ओळख पुसून.

निघताना त्याने आणखी एक विचारलं. माझ्या घराचं वरचं पोर्शन जानेवारीपासून रिकामं आहे, ते भाड्याने मिळेल का? गेटवर मीच लावलेली पाटी आहे: फक्त शाकाहारींसाठी. मांबलममध्ये तिचा अर्थ लहान मुलालाही कळतो. दलवाई वाचणाऱ्या मी त्याला म्हटलं, घरात विचारून सांगतो.

अजून विचारलेलं नाही. पुस्तकावरचं कव्हरही काढलेलं नाही.