गाडी मागच्या सीटवर बसून बघा

सात आसनी गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये आधी मागच्या ओळीत जाऊन बसा, असं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. दार लावायला सांगा आणि जरा वेळ तिथेच थांबा. विक्रेता पुढची जाळी, दिवे, मोठा स्क्रीन दाखवत राहील. ते नंतरही बघता येतं.

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचे. घरात कुणी जास्त आजारी पडलं की आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत चंद्रपूर गाठायचं. तिथे भागलं नाही तर पुढे नागपूर, आणखी दीडशे किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात रेल्वे पार उत्तरेला, वडशाला, म्हणून गाडीच लागते. चंद्रपूरच्या या रस्त्यावरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, आणि मागची ओळ असते मागच्या चाकांवर, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा गचका तिथे जास्त बसतो.

त्या ओळीत बसतं कोण? म्हातारी माणसं, मुलं आणि सुना. सासूबाईंचे गुडघे गेलेत. आमच्या गाडीची मधली सीट दुमडली की उरलेल्या फटीतून त्या एक पाय आत टाकतात, कमरेत वाकतात आणि हाताला काही सापडत नाही म्हणून समोरच्या सीटच्या पाठीला मिठी मारतात. बसल्यावर गुडघे छातीशी येतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46च्या वर जातो, तेव्हा पुढच्यांना गारवा आणि मागे घामाच्या धारा. एकदा सासूबाईंना मधे बसवून दीर मागे गेले. गोंडपिपरीलाच म्हणाले, "वहिनी, ही गाडी काढून टाकू."

1994 साली आलेली टाटा सुमो दिसायला पेटीसारखी होती. पण छत उंच, त्यामुळे लुगडं नेसलेली आजी मागच्या दारातून सहज चढायची. तिच्यातले मागचे आडवे बाक मात्र परत नकोत. अपघातात आडव्या बसलेल्या माणसाला आधार राहत नाही. 2018 मध्ये नाशिकला बनलेल्या महिंद्रा मराझोची चर्चा झाली ती शार्कवरून घेतलेल्या तिच्या रूपाची. मला तिच्यातलं मोलाची वाटली ती छतातून मागपर्यंत नेलेली थंड हवा.

रूप मलाही हवं. लग्नाला जाताना देखणी गाडी दारात उभी असली की बरं वाटतं. पण छताची उतरती रेघ काढायची म्हणून मागच्यांचं डोकं छताला लागत असेल, तर तो देखणेपणा सासूबाईंच्या मानेच्या जिवावर आहे. कंपन्यांनी दाराच्या खांबाला आतून धरायला दांडी द्यावी, खाली पायदान द्यावं, मागच्या ओळीला एसीची वेगळी कळ द्यावी. आणि सात जण बसल्यावर निदान एक वळकटी, डबा आणि दवाखान्याच्या फायलींची पिशवी मावेल एवढी डिक्की ठेवावी.