नजातीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?

आपल्या जलशांतून एक वाक्य वरचेवर ऐकू येतं : 'ख्रिस्ती लोक तर आपल्याला जहन्नमचं इंधन समजतात, मग आपणच सलोख्याची भाषा का करायची?' श्रोते माना डोलावतात. वक्ते पुढच्या गावाला निघून जातात. ऐकणाऱ्याला मात्र भिंगारातच, त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्याबरोबर राहायचं असतं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस परका नाही. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिथं सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. तेव्हा हे वाक्य खरं की खोटं, हे एकदा तपासून पाहायला हवं. प्रोटेस्टंट पंथांची मतं निरनिराळी आहेत. हरेगावची यात्रा कॅथलिकांची. त्यांच्या चर्चची शिकवण लेखी आहे, म्हणून तिच्यापुरतंच बोलतो.

वक्त्याच्या वाक्याला आधार आहे, पण तो १४४२ सालचा. त्या साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने फर्मान काढलं, की चर्चबाहेरचे मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर हे सारे मरण्यापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर आगीत जातील. पुढं १८६३ साली नववे पायस या पोपनी जुनं सूत्र कायम ठेवूनच लिहिलं, की ज्याला स्वतःचा दोष नसताना सत्य कळलंच नाही आणि जो सचोटीने जगला, त्याला ईश्वरी कृपेनं नजात मिळू शकते. बोस्टनचे फादर फीनी मात्र 'चर्चबाहेर कुणालाच नजात नाही' यावर अडून बसले. १९४९ साली रोमने त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला आणि १९५३ साली आज्ञाभंगाबद्दल खुद्द त्यांनाच चर्चबाहेर काढलं.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर मुसलमानांचं नाव घेऊन लिहिलं, की हजरत इब्राहिमांचा ईमान मानणारे आणि कयामतच्या दिवशी निवाडा करणाऱ्या एकाच दयाळू खुदाची इबादत करणारे हे लोक ईश्वराच्या नजातीच्या योजनेत सामील आहेत. बाजूने २१५१ मतं पडली, विरोधात ५. पुण्यात शिकवणारे जेझुइट पंडित जोसेफ नॉयनर त्या परिषदेचे एक तज्ज्ञ सल्लागार होते. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत इतर धर्म आणि ख्रिस्ती साक्षात्कार या विषयावर धर्मपंडितांचा परिसंवाद भरला आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल स्वतः मुंबईत उतरले. म्हणजे ही चर्चा आपल्या महाराष्ट्राच्या अंगणात झालेली आहे. आपल्या वक्त्यांना तिचा पत्ता नसावा, याला काय म्हणावं?

आता दुसऱ्या टोकाचे लोक पाहा. त्यांच्या मोबाइलवर संदेश फिरतात, की पोपने इस्लामला सत्य मानलं! हेही थोतांड आहे. २००० सालच्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे, की इतर धर्मीयांना कृपा लाभू शकते, पण त्यांची अवस्था गंभीरपणे अपुरी आहे, आणि जी नजात मिळते ती येशूच्याच द्वारे. लोणावळ्याच्या साधना संस्थेचे फादर अँथनी डिमेलो १९८७ साली वारले. त्यांच्या काही मतांवर १९९८ साली व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना काढली. दार उघडलं आहे, पण चौकट त्यांची आहे. ती आपण मान्य करू शकत नाही आणि त्यांनी आपली मान्य करावी, असा हट्टही धरू शकत नाही. आपलं सत्य न सोडता दुसऱ्याला थेट आगीत न लोटणं हे शक्य आहे, एवढंच यातून घ्यायचं.

आणि ते आपल्याला रोमकडून शिकायची गरजच नव्हती. इमाम गझाली ११११ साली वारले. त्यांनी 'फैसलुत्तफरिका'त लिहून ठेवलं आहे, की त्या काळच्या रूमच्या बहुतेक ख्रिस्ती लोकांना अल्लाहची रहमत सामावून घेईल. कारण त्यांच्यापर्यंत दावत पोचलीच नाही, किंवा विपरीत रूपात पोचली. पोप पायस यांच्या साडेसातशे वर्षं आधीचं हे बोलणं आहे! भिंगारहून नगरला जाताना लागणाऱ्या किल्ल्यात १९४२पासून जे कैदेत होते, त्या मौलाना आझादांनी 'तर्जुमानुल कुरआन'मध्ये दीन एकच आणि शरीअती वेगवेगळ्या, हे समजावून सांगितलं. त्याबद्दल त्यांनी टीकाही सोसली.

कुणी म्हणेल, सूरह आले इमरानची ८५वी आयत विसरलात काय? विसरलो नाही, आणि गझालीही विसरले नव्हते. आयत इमामांना पाठ होती, तरी ते कुठल्याही माणसाच्या अंताचा निकाल स्वतःच्या हातात घेत नव्हते.

आपण मात्र घेतो. ख्रिस्ती तर दूरच, आपल्यातलाच दुसऱ्या मसलकचा माणूस आपल्याला चालत नाही. काही मशिदींच्या दारावर कोणत्या जमातीने आत येऊ नये याचे फलक लागतात. पाकिस्तानात १९५४ साली न्या. मुनीर आयोगाच्या अहवालाने नोंदवलं, की मुसलमान कुणाला म्हणावं यावर कोणत्याही दोन उलेमांचं एकमत झालं नाही. जो समाज आपल्याच भावाला जन्नतच्या रांगेतून ओढून काढतो, त्याने फ्लॉरेन्सच्या फर्मानावर कोणत्या तोंडाने बोलावं?

हा नुसता पंडिती वाद नाही. आमच्या उर्दू शाळांतून पाचवी-सहावीची मुलं विचारतात, 'सर, दवाखान्यातल्या ख्रिश्चन सिस्टर जहन्नममध्ये जाणार का?' त्याच सिस्टरने त्यांच्या दादीची सेवा केलेली असते. 'हो' म्हणालो, तर मूल एक तर सिस्टरचा द्वेष शिकतं, नाही तर खुदाच्या इन्साफवर शंका घ्यायला लागतं. 'सगळं सारखंच' म्हणालो, तर त्याच्या ईमानचा खेळ होतो. खरं उत्तर असं आहे, की आपण आपला दीन सांभाळायचा, सिस्टरला सलाम करायचा आणि हिशेब मालिकवर सोडायचा. मुलांना हे पटकन समजतं. अडतं ते मोठ्यांचं.

म्हणून उलेमांना आणि मराठीत लिहिणाऱ्या आपल्या भावाबहिणींना एक मागणी करतो. गझालींचं ते छोटं पुस्तक सहावीच्या मुलाला कळेल अशा मराठीत आणून द्या. आणि जलशाला बोलावणाऱ्यांनी वक्त्याला आधी विचारावं, की १४४२नंतर काय काय झालं ते तुम्ही वाचलंय का?