व्यवहार आणि विवेक : दुचाकीसाठी एलईडी दिवा निवडताना

व्यापारी घरातील दुचाकी ही केवळ हौसेची वस्तू नसते. दुकान वाढवून उशिरा घरी परतणारा मुलगा असो वा तालुक्याच्या गावांतून वसुली करून येणारे वडील असोत, त्यांचा रात्रीचा प्रवास तिच्यावरच होतो. मूळच्या हॅलोजन दिव्याचा पिवळसर प्रकाश अपुरा वाटू लागला, की बाजारातून एलईडी दिवा आणून बसविण्याचा विषय घरात निघतो. मागणी रास्तच असते. मात्र ‘सर्वांत प्रखर कोणता?’ या एकाच प्रश्नावर निवड झाली, तर स्वतःला उजेड आणि समोरच्याला अंधार असा प्रकार घडतो.

दिव्याचे कार्य केवळ गोळ्यावर अवलंबून नसते. दुचाकीच्या दिव्यातील परावर्तक तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब करून घडविलेला असतो. दोन तारांच्या हॅलोजन गोळ्यात डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. वर जाऊ पाहणारा प्रकाश ती अडविते. त्याच खोबणीत बसविलेल्या एलईडी गोळ्याची प्रकाश देणारी चकती तारेच्या जागेपासून थोडी जरी सरकलेली असली, तरी प्रकाश विस्कटतो. रस्त्यावर पडावयाचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि चालकाला मात्र दिवा उत्तम असल्याचा भास होतो. म्हणून केवळ गोळा बदलण्यापेक्षा एलईडीसाठीच घडविलेला संपूर्ण दिवा किंवा स्पष्ट कटऑफ असलेला, खाली बसविता येणारा जोडदिवा अधिक योग्य. जोडदिव्यास स्वतंत्र बटण असावे आणि वस्तीत वा समोरून वाहन येताना तो बंद ठेवावा.

वेष्टनावरील आकड्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. चांगला एलईडी दिवा प्रत्यक्षात एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो. २० वॅटच्या दिव्यावर १०,००० ल्युमेन छापलेले असतील, तर ते माप खोटे आहे, हे ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे आणि अस्सल म्हणून नक्कल विकणे या दोहोंचा समावेश आहे. ज्या घरांची वाहनसामानाची दुकाने आहेत, त्यांच्यासाठी ही केवळ ग्राहकाने घ्यावयाची दक्षता राहत नाही. असा माल गल्ल्यावर ठेवायचा की नाही, हा निर्णय त्यांच्या हाती आहे.

रंगाचाही विचार हवा. ६,००० केल्विनच्या वरचा निळसर पांढरा प्रकाश दुकानात आकर्षक दिसतो, पण समोरच्याच्या डोळ्यांस अधिक खुपतो. ४,३०० केल्विनच्या आसपासचा वा त्याहून पिवळसर प्रकाश सौम्य असतो. कीटकही निळसर प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. जीवदयेच्या दृष्टीनेही उबदार रंगच बरा.

जोडणीत काटकसर करू नये. काही जुन्या दुचाकींचा हेडलाइट बॅटरीवर न चालता थेट इंजिनाच्या कॉइलमधील प्रत्यावर्ती विजेवर चालतो. तेथे साधा एलईडी गोळा लुकलुकतो किंवा लवकर जळतो. २० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे सव्वातीन अँपिअर प्रवाह घेतात. हा भार मूळ बटणावर न टाकता स्वतंत्र रिले आणि फ्यूज बसवावा. दिव्यामागे उष्णता वाहून नेणारे धातूचे पंखे असावेत आणि पावसाळ्यासाठी आयपी ६७ दर्जाचे आवरण पाहावे. मूळ तारा कापल्यास कंपनीची हमी नाकारली जाण्याचा संभव असतो, हे आधी विचारून घ्यावे.

कायद्याची कसोटी सोपी आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढील दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे त्याने दिपता कामा नयेत. दिवा बसविल्यावर सपाट जागी दुचाकीवर नेहमीइतका भार ठेवून, घरातील कोणीतरी त्या जागी उभे राहून पाहावे. डोळे मिटावे लागले, तर झोत खाली करावा. खाली करूनही भागत नसेल, तर दिवा परत करावा.

ही दीड मीटरची उंची पायी चालणाऱ्या माणसाच्या नजरेच्या जवळपासची आहे. चातुर्मास संपला, की साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. पहाटेच्या संधिप्रकाशात महामार्गाच्या कडेने त्यांचे पाऊल ईर्यासमितीने, पुढची भूमी पाहून पडत असते. समोरून आलेल्या प्रखर झोताने डोळे दिपले, की ती भूमी दिसेनाशी होते. त्याच झोतापुढे आलेल्या ट्रकचालकालाही कडेने चालणारा संघ दिसत नाही. विहारसेवेत जाणाऱ्या तरुणांच्या दुचाकींवरही असेच दिवे असतात. या हंगामापूर्वी प्रत्येक घराने आपल्या दुचाकीचा झोत एकदा तपासून घ्यावा.