एरियलचें जमिनींतील अर्धें अंग

हौशी रेडिओची, म्हणजे ज्यास लोक 'हॅम' म्हणतात त्या विद्येची, गोडी लागलेला विद्यार्थी प्रथम संचाची चौकशी करतो, मग एरियलची. जमिनीची चौकशी तो बहुधा करीतच नाहीं. पालकही पैसे देतात ते याच क्रमानें. छपरावरील खांब शेजाऱ्यांस दिसतो, अंगणांत पसरलेली तार कोणास दिसत नाहीं! आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत तरी हा क्रम उलटा करावा.

उभें एरियल हें अर्धेंच यंत्र होय. दुसरें अर्धें जमीन. सात मेगाहर्ट्झच्या सुमारास पाव लहरीची उभी तार सुमारें १० मीटर उंच होते व तिचा स्वतःचा प्रसारण-रोध सुमारें ३६ ओहम असतो. तारेंत चढलेल्या प्रवाहास जमिनींतून परतावें लागतें. त्या परतीच्या वाटेंतही ३६ ओहमांचाच रोध असेल, तर १०० वॅटपैकीं ५० वॅट लहरी होऊन जातात आणि ५० वॅट मुरूम तापविण्यांत खर्ची पडतात.

आणि आपला मुरूम कसा आहे, हें पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या वाचकांस सांगावयास नको. सह्याद्रीनें पाऊस अडविलेला, माती थोडी, तिच्याखालीं काळा पाषाण. पहार मारावी तर खणखणते. कोपरगांव-श्रीरामपुराकडे कालव्याच्या पाण्यानें भिजणारी काळी जमीन आहे, तिचें दैव बरें. परंतु पाणी तुटलें कीं तीही भेगाळते व तींत ठोकलेली सळई सैल उभी राहते. यावर उपाय म्हणून लोक कोळसा व मीठ घालून खड्डा करतात. घरांतील विजेच्या दोषापासून रक्षण होण्यास खोल अर्थिंग अवश्य आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. (मीठ मात्र पावसांत वाहून जातें आणि राहील तोंवर धातूस खातें.) पण रेडिओचा जलद प्रवाह जमिनीच्या वरच्या थरांतच, एरियलभोवतीं चहूंकडे पसरून वाहतो, एका ठिकाणच्या सळईनें तो गोळा कसा व्हावा?

त्याचा खरा उपाय पृष्ठभागावर तारा पसरणें हा होय. अमेरिकेंत ब्राउन, लुईस व एपस्टीन यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर मोठ्या केंद्रांत एरियलभोवतीं १२० तारा घालण्याचा प्रघात पडला. घरीं इतक्या नकोत. चार-पांच मीटरच्या सोळा तारा छत्रीच्या काड्यांप्रमाणें पसरल्या तरी पुष्कळ काम होतें. तार थोडीच असेल तर लांब चार तारांपेक्षां आंखूड सोळा बऱ्या. घराच्या जुन्या वायरिंगची तांब्याची तार चालते. वरचें प्लास्टिक सोलण्याचीही गरज नाहीं. जेथें आजी अंगणांत कुरडया वाळत घालतात, तेथें तारा बोटभर मातीखालीं दाबाव्या, म्हणजे कोणाचा पाय अडकणार नाहीं. ज्यास गच्चीशिवाय जागा नाहीं त्यानें मध्यें जोडलेली आडवी दुहेरी तार उंच बांधावी. तिला ही परतीची जमीन लागत नाहीं.

येथें एक चकवा आहे. तारा वाढवितांना मापकावरील परावर्तनाचा आंकडा कधीं कधीं बिघडतो, व मुलें घाबरून तारा उपटतात. ३६ ओहमांत जमिनीचे वायफळ १४ ओहम मिळाले कीं बेरीज ५० होऊन आंकडा उत्तम दिसतो. रोध घटला कीं आंकडा बिघडतो, आवाज मात्र दूर जातो. आंकड्यापेक्षां ऐकणाऱ्याचा शब्द खरा मानावा.

आपल्या दख्खनच्या जमिनीस दोष देणाऱ्यांनीं दौंड आठवावें. श्रीगोंदें तालुक्यालगत, भीमेपलीकडच्या त्या गांवीं १९२७ सालीं इंग्लंडाहून येणारे बिनतारी संदेश झेलणारें ठाणें सुरू झालें. पाठविण्याचें ठाणें खडकीस होतें.

पालकांस आमची विनंति सुरक्षिततेची आहे. घराचें अर्थिंग, विजेसाठींचें अर्थिंग व या तारा जाड तांब्यानें एकत्र जोडून घ्याव्या. वेगळ्या ठेवल्यास वीज जवळ पडतांच त्यांतील दाबाचा फरक संचावर येतो. हें काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें. पाण्याच्या नळाचा भरंवसा आतां धरूं नये, कारण नळ प्लास्टिकचे झाले. वळवाचे ढग दिसतांच एरियलची केबल संचापासून सोडवावी; कोणतेंही अर्थिंग गडगडाटांत बोलण्याची परवानगी देत नाहीं. आणि सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतल्याखेरीज बोलावयाचेंच नाहीं.

एवढा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां हौशी रेडिओवाल्यांनीं निरोप पोंचविले; २००१ च्या कच्छच्या भूकंपांतही तेंच. अशा वेळीं घरची वीज नसते, बॅटरीवर दहा-वीस वॅट मिळतात. त्यांतील अर्धे जमिनीनें गिळले तर लातुराहून नगरास निरोप पोंचेलच असें नाहीं.

तारा श्रावणांत घालाव्या. तेव्हां मुरूम ओला असतो, खुंट्या सहज बसतात, आणि दिवाळीपर्यंत गवत वाढून तारा दिसेनाशा होतात.