मागून आलेल्यांची मोजदाद

३० मे १९५९ च्या 'नेचर'मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचा एक छोटा शोधनिबंध छापून आला. लेखक एकटेच, मजकूर जेमतेम पानभर. पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढवले तो द्रव गाळून घ्यायचा, एकही जंतू त्यात राहू द्यायचा नाही, आणि मग तो सशाच्या आतड्यात सोडायचा. आतडे तरीही पटकी झाल्यासारखेच पाण्याने टम्म भरते, एवढीच गोष्ट त्यात सांगितली होती. याचा अर्थ असा की, रोग्याच्या अंगातले पाणी जंतू स्वतः ओढून काढत नाही, त्याने बाहेर टाकलेले विष काढते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली याच कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा केला, तेव्हाच अशा विषाची शंका बोलून दाखवली होती. ती खरी ठरायला ७५ वर्षे लागली.

एवढा उशीर का, हे पाहण्यासारखे आहे. कॉख यांच्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास मांडले की, पटकीचे विष जंतूच्या शरीरातच असते आणि जंतू मेल्यावर मोकळे होते. या मताचा दबदबा इतका की पुढची दोन पिढ्यांची माणसे जनावरांच्या रक्तात आणि पोटाच्या पोकळीत जंतू टोचत राहिली. जनावरे मरत, पण त्यांना पटकी होत नसे. पटकी आतड्याचा रोग आहे तर प्रयोगही आतड्यातच करावा, ही साधी गोष्ट डे यांनी मनावर घेतली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली पीएच.डी. करून ते १९४९ मध्ये परतले होते. १९५३ मध्ये चटर्जी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पद्धत बसवली. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्यात जंतू सोडायचे, पोट शिवून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. बांधलेला तुकडा पेजेच्या पाण्यासारख्या द्रवाने फुगलेला असे. याला लागले काय, तर ससा, दोरा, सुई आणि रोग नीट पाहिलेला माणूस.

त्याच १९५९ साली, काही महिन्यांच्या अंतराने, मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा निबंध अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'मध्ये आला. दत्ता यांनी १९५५ मध्येच हब्बू यांच्याबरोबर सशाच्या कोवळ्या पिलांमध्ये पटकी घडवून आणण्याची पद्धत दाखवली होती. आता या तिघांनी पिलांवर विषाचाच परिणाम दाखवला. ज्या वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाने ही संस्था आहे, त्यांनी पटकीच्या लशीच्या चाचण्या १८९० च्या दशकात कलकत्त्यातच केल्या होत्या. पटकीच्या विषाचा उलगडा हा कलकत्ता आणि परळ या दोन ठिकाणांचा आहे. मराठी वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, याबद्दल न बोललेले बरे.

या निबंधांचे पुढे काय झाले? पहिली काही वर्षे जवळजवळ काहीच नाही. डे यांच्या निबंधाचा उल्लेख तुरळक होत राहिला.

योगायोग असा की, उल्लेख मोजण्याचे यंत्र उभे राहत होते तेही याच सुमारास. फिलाडेल्फियाचे यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये कल्पना मांडली होती. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघे. जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांनी घेतला, हे तीत सापडे. विज्ञानासाठीही असेच काही करावे, असे गारफिल्ड यांचे म्हणणे होते. १९५९ साली जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी ही कल्पना उचलून धरली आणि तिला बळ मिळाले. १९६० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापून आला. हेतू उघड होता. एखादा जुना निबंध हाती असेल तर त्यावरून पुढे काय काय झाले याचा माग काढता यावा. माणसांना गुण द्यायला कोणी हे काढले नव्हते. पण ज्याचा माग काढता येतो त्याची बेरीजही करता येते, आणि बेरीज एकदा हाती आली की कारकून ती वापरल्याशिवाय राहत नाही.

बेरजेत डे यांचे नाव वर आले ते स्वतःच्या हालचालीने नव्हे. १९६१ पासून इंडोनेशियातून एल टॉर जातीच्या पटकीची सातवी जागतिक साथ पसरू लागली. तिच्या आधीच ढाक्यात परदेशी पैशावर पटकीची प्रयोगशाळा उभी राहिली होती. माणसे, पैसा, उपकरणे सगळे एकदम आले. १९६९ मध्ये फिंकेलस्टीन आणि लोस्पॅलुटो यांनी अमेरिकेत विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मग पेशी त्या विषाला कशी फसते यावर काम करणाऱ्यांची रीघ लागली, आणि या सगळ्यांना पहिल्या तळटिपेत डे यांचे नाव घालावेच लागले. सायटेशनचा आकडा म्हणजे त्या वाटेने मागून किती जण आले याची मोजदाद. किती जण येतील हे साथ ठरवते, अनुदान ठरवते, वाट श्रीमंतांच्या दारावरून जाते की नाही यावरही ते ठरते. वाट पाडणाऱ्याच्या हातात त्यातले फारच थोडे असते.

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला शोधनिबंध कोणता, हे पाहिले की ही गोष्ट आणखी उघड होते. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा तो निबंध द्रवातले प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगतो. त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले, कारण हजारो प्रयोगशाळांत रोज प्रथिने मोजावी लागतात. पद्धत उत्तमच होती. पण तिच्याइतके उल्लेख ना पेनिसिलिनच्या शोधनिबंधाला, ना डीएनएच्या रचनेच्या. उलट खरोखर पचलेल्या शोधाचे नाव घेणेच लोक सोडून देतात, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले आहे. पटकी विषाने होते हे आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात एका ओळीत असते. त्या ओळीला तळटीप कोण देतो?

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स काढला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक दहा. सोपे आहे, म्हणूनच लोकप्रिय. पण या हिशेबात १९५९ च्या निबंधाचे मोल किती? एक. त्याचा उल्लेख शंभर वेळा झालेला असो की हजार वेळा, निर्देशांकात भर एकाचीच पडते. ज्याने थोडे लिहिले त्याचा निर्देशांक निबंधांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही.

आकड्याला न दिसलेली आणखी एक गोष्ट मला अधिक सलते. १९५६ मध्ये डे, भट्टाचार्य आणि सरकार यांनी हाच बांधलेल्या आतड्याचा प्रयोग ई. कोलायच्या जातींवर केला आणि जुलाबाच्या रोग्यांकडून मिळालेल्या काही जाती पटकीसारखाच परिणाम करतात हे दाखवले. विष सोडणारे ई. कोलाय हे प्रौढांच्याही जुलाबांचे मोठे कारण आहे, हे जगाने मानले १९७० च्या आसपास, तेही परदेशी संशोधकांनी कलकत्त्याच्याच रोग्यांवर केलेल्या कामानंतर. मधली पंधरा वर्षे तो निबंध ग्रंथालयात होता. कुणी तो वाचण्याची तसदी घेतली असती तर?

१९७८ मध्ये स्टॉकहोमला नोबेल फाउंडेशनने पटकीवर परिसंवाद भरवला आणि डे यांना बोलावले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपण मेल्यातच जमा होतो, या परिसंवादाने आपल्याला उकरून बाहेर काढले, अशा अर्थाचे ते तिथे बोलले. लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. भारतातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना हयातीत फेलो केले नाही. १५ एप्रिल १९८५ ला ते गेले. पुढच्याच वर्षी खुद्द गारफिल्ड यांनी आपल्या सूचीच्या आधारे डे यांच्या कामाचा नकाशा मांडणारा लेख लिहिला, आणि १९९० मध्ये 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर खास अंक काढला. म्हणजे सूचीने त्यांना न्याय दिला, हे मान्य केले पाहिजे. पण तो निबंध छापून आल्यावर सत्तावीस वर्षांनी, फिलाडेल्फियाहून.

आपण त्यातून घेतले काय, तर आकडा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांची कामगिरी मोजण्याचे, गुण आणले आणि प्राध्यापकांच्या खोलीत 'यंदा किती पेपर काढले?' हा प्रश्न चहाबरोबर येऊ लागला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले ते याच जमिनीत. २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलने बढतीसाठी जे ठरवले, त्यात निबंधावरच्या पहिल्या दोन नावांनाच गुण होते. या नियमाने १९५९ चा परळचा निबंध तपासला, तर दत्तांना गुण, पानशांना गुण आणि तिसऱ्या नावाच्या कुलकर्ण्यांना शून्य.

महाडच्या हिंमतराव बावस्करांचे उदाहरण घरातलेच आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून त्यांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. १९८६ मध्ये पत्नी प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग तिथेच मांडला. शेकडा पंचवीस-तीस रोगी दगावत, ते प्रमाण दोन-तीनवर आले. पण तांबडा विंचू कोकणातला, बॉस्टनमध्ये तो कुणाला चावत नाही. त्याच्यावर पैसा लावणारी प्रयोगशाळा नाही, मग मागून गर्दी कुठून यावी? दापोली-पोलादपूरला ती गोळी देणारा वैद्यकीय अधिकारी शोधनिबंध लिहीत बसत नाही.

आकडे आले त्याला एक रास्त कारणही होते, ते लपवून चालणार नाही. त्याआधी आपल्याकडे वशिला होता, जात होती, विभागप्रमुखाची मर्जी होती. ज्याचे कुणी नाही त्याला निदान आकडा दाखवता येई. म्हणून आकडे उद्या बंद करा असे म्हणणारे लोक मला पटत नाहीत. आकड्यांच्या जोडीला मात्र बढतीच्या उमेदवाराने आपले तीनच निबंध द्यावेत, समितीने ते वाचावेत, प्रत्येकावर निदान एक पान लिहावे आणि ते पान सहीनिशी उमेदवाराच्या हातात द्यावे. यात वेळ जाईल, भांडणे होतील, काही पाने हास्यास्पदही निघतील. डे यांच्या निबंधावर असे पान लिहू शकणारी माणसे १९५९ साली कलकत्त्यात होती आणि परळलाही होती. त्यांना कुणी विचारले नाही.