घंटा कुणाची, पक्षी कुणाचा?

मैत्रिणींनो,

परवाच्या टपालात वसईहून एक जाडजूड पाकीट आले. आत चार पानी पत्र, एका जुन्या फोटोची प्रत आणि शेवटी एक ओळ : ‘‘ताई, आता तुम्हीच निवाडा करा. नाही तर यंदा आमच्या घरी नाताळचं झाड काही उभं राहत नाही.’’

वाचून आधी हसू आले. मग पत्र पुन्हा वाचले आणि हसू मावळले. घराघरांतून भांडणे होतात ती काही दरवेळी जमिनीवरून आणि सोन्यावरून होत नाहीत. कधी कधी आठ आण्यांच्या वस्तूवरून होतात आणि तीच जास्त लागतात.

झाले असे. या भगिनींच्या सासूबाई यंदा ईस्टरनंतर गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात नाताळच्या झाडावर टांगायच्या पाच वस्तू : एक पितळेची घंटा, एक काचेचा लाल गोळा, एक काचेचाच पक्षी, एक कापसाचा देवदूत आणि पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवून केलेली एक चांदणी. सासूबाई नेहमी म्हणत, ‘‘घरात मूल आलं की त्या नाताळाला झाडावर एक नवी वस्तू. पाच लेकरं, पाच वस्तू.’’ पण कुठली वस्तू कुठल्या लेकराची, हे कुणी कधी विचारलेच नाही. विचारायचे कशाला? सांगणारी घरातच होती ना!

आता भावंडांनी ठरवले की आईची आठवण म्हणून ज्याने त्याने आपापली वस्तू न्यायची. आणि तिथेच गाडे अडले. मधली नणंद म्हणते पक्षी माझा. धाकटी नणंद कॅनडात असते, ती फोनवरून म्हणते पक्षी माझाच, माझ्याकडे पुरावा आहे. दोघी बहिणी तीन महिने एकमेकींशी बोलत नाहीत. ‘‘आणि डबा माझ्या ताब्यात, म्हणून दोघी माझ्यावर नाराज. मी पडले सून. मी कुणाची बाजू घेऊ?’’

बाई गं, तू कुणाचीच बाजू घेऊ नकोस. एक कागद आणि पेन्सिल घे. बाकीच्या मैत्रिणींनीही घ्या, कारण ही युक्ती प्रत्येक घरात कधी ना कधी लागणार आहे.

कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून पंचवीस घरे पाडा. वरच्या बाजूला पाच भावंडे जन्मसालासकट लिहा : थोरली नणंद १९५५, थोरले दीर १९५८, मधली नणंद १९६२, पत्रलेखिकेचे यजमान १९६७, धाकटी नणंद १९७४. डाव्या बाजूला पाच वस्तू. जे शक्य नाही तिथे फुली, जे ठरले तिथे बरोबरची खूण. एका ओळीत बरोबरची खूण पडली की त्या आडव्या आणि उभ्या ओळीतल्या बाकीच्या घरांत आपोआप फुल्या. झाले. एवढेच तर्कशास्त्र.

सुरुवातीला पसारा किती आहे पाहा. पहिली वस्तू पाचांपैकी कुणाचीही, दुसरी उरलेल्या चौघांपैकी कुणाचीही, असे करत ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे एकशे वीस जुळण्या होतात. भांडायला एकशे वीस जागा! आता एकेक पुरावा घेऊ.

धाकटीचा पुरावा असा : पक्षी ज्या पुठ्ठ्याच्या डबीत होता, त्या डबीवर दुकानाचा पत्ता छापला आहे आणि त्यात सहा आकडी पिन कोड आहे. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. म्हणजे डबी त्यानंतरची. आणि १९७२ नंतर जन्मलेली भावंडांत ती एकटीच. पुरावा कसा बिनतोड वाटतो, नाही?

पण थांबा. तुमच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्यात मोहरी आणि मोहरीच्या डब्यात हिंगाची डबी नाही का? डबी १९७२ नंतरची, एवढेच ठरले. पक्षी कधीचा, ते डबी सांगत नाही. मोडकी डबी टाकून नवी घेतली असेल. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा : वेष्टन हा वस्तूचा साक्षीदार नव्हे.

हाच नियम यजमानांनाही लागू. ते म्हणतात, कापसाचा देवदूत माझा, कारण तो १९६९च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे आणि तेव्हा घरात मीच सगळ्यांत लहान होतो. रद्दी काय, पाच वर्षांनीही वापरतात. कागदावरून एवढेच कळते की १९६९च्या आधी तो या कागदात गुंडाळला गेला नाही. देवदूत त्यांचा असेलही. पण या कारणाने नव्हे.

लाल गोळ्याच्या टोपणावर ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असे कोरले आहे. घरात सगळ्यांना हा मोठाच पुरावा वाटतो. मामा जहाजावर होते, त्यांनी तो आणला म्हणे. पण पश्चिम जर्मनी हा देश झाला १९४९ साली आणि दोन्ही जर्मनी एक झाल्या १९९० साली. पाचही भावंडे या मधल्या काळातच जन्मलेली. म्हणजे एवढ्या रुबाबदार पुराव्याने कुणाच्याही नावापुढे फुली पडत नाही. दुसरा नियम : ज्या पुराव्याने एकही फुली पडत नाही, तो कितीही चकचकीत असला तरी बाजूला ठेवा.

आता फोटो. मागे शाईने लिहिले आहे : नाताळ १९६३. नुसत्या लिहिण्यावर जाऊ नका, फोटोही तपासा. सुरूची फांदी बादलीत उभी केली आहे, सासूबाईंच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, बाजूला दोन मोठी मुले. १९६२ची मुलगी १९६३च्या नाताळाला एवढीच असायची. साल जुळते. आणि फांदीवर काय आहे? घंटा, गोळा आणि पक्षी. बस्स, तीनच. मुले तीन, वस्तू तीन. सासूबाईंचे बोलणे खरे होते, हेही इथेच सिद्ध झाले.

या एका फोटोने बघा किती फुल्या पडल्या! घंटा, गोळा आणि पक्षी पहिल्या तिघांत. देवदूत आणि चांदणी शेवटच्या दोघांत. एकशे विसाच्या राहिल्या बारा. आणि पक्षी धाकटीचा नाही, हे ठरले. फोटो काढला तेव्हा तिचा जन्म व्हायला दहा-अकरा वर्षे होती.

आता चांदणी. पत्रात एक ओळ सहज लिहून गेली आहे : ‘‘चांदणी मागून उसवली आहे, आतला पुठ्ठा कुठल्याशा १९७३च्या कॅलेंडरचा दिसतो.’’ अगं, हीच तर गोम आहे! हा पुठ्ठा वेष्टन नव्हे, चांदणीचे हाडच आहे. १९७३चे कॅलेंडर १९६७ साली कापता येईल का? नाही. म्हणजे चांदणी यजमानांची नाही. ती धाकटीची. आणि उरलेला देवदूत यजमानांचा. त्यांचे उत्तर बरोबर, कारण मात्र चूक! शाळेत अशा उत्तराला अर्धे गुण मिळत. बाराच्या राहिल्या सहा.

पुढे मावशी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहीण. वय झाले, आठवणीवर किती विसंबायचे, असे पत्रात लिहिले आहे. पण त्यांची आठवण काय आहे पाहा : ‘‘माझं लग्न झालं तेव्हा ताईकडे झाड अजून उभं होतं. घंटा नि गोळा, दोनच फळं लागलेली. आम्ही हसलो होतो.’’ लग्न कधीचे? चर्चच्या नोंदवहीत जानेवारी १९६०. तिसरा नियम : नुसती आठवण सरकते, पण लग्न, बारसे, घरभरणी अशा नोंद असलेल्या दिवसाला बांधलेली आठवण सहसा सरकत नाही. तेव्हा मुले दोन, वस्तू दोन. पक्षी नव्हता. म्हणजे पक्षी १९६२चा, मधलीचा. सहाच्या राहिल्या दोन.

राहता राहिली घंटा आणि गोळा, थोरली आणि थोरला. घंटेच्या आत किमतीची छापील चिठ्ठी चिकटली आहे : १० आणे. नवे दशमान पैसे १ एप्रिल १९५७पासून आले. १९५५च्या नाताळाला आणेच होते. १९५८ साली दुकानदार नव्या पैशांत हिशेब करू लागला असणार. म्हणून घंटा थोरलीची, गोळा थोरल्याचा. मात्र खरे सांगते, हे सोळा आणे नव्हे, पंधरा आणे खरे. जुना माल जुन्या चिठ्ठीनिशी पुढेही विकला जाई. नशिबाने या दोघांचे भांडण नाही, तेव्हा उरलेला आणा त्यांचा त्यांनी समजुतीने घालावा.

कोडे सुटले. पण वसईच्या मैत्रिणी, तुझे काम अजून संपलेले नाही. आता कॅनडात फोन करून ‘‘पक्षी तुमचा नाही, हे सिद्ध झालं’’ असे सांगशील, तर हिशेब जुळेल आणि नणंद कायमची तुटेल. मनाशी ती काय म्हणेल? चौघांना विकतच्या, जपून आणलेल्या वस्तू. मी शेंडेफळ, तर मला कॅलेंडरचा पुठ्ठा!

तुझेच पत्र पुन्हा वाच. सासरे रेल्वेत होते, असे तू लिहिले आहेस. १९७४ साली ८ मेपासून २७ मेपर्यंत देशभर रेल्वेचा संप झाला होता. कामगारांच्या घरांतून तेव्हा काय ओढाताण झाली, हे ज्यांनी काढले त्यांना ठाऊक. त्या नाताळाला तुमच्या घरी नवी वस्तू घ्यायला पैसे नव्हते की काय, हे मी सांगू शकत नाही. तर्काने ‘कधी’ आणि ‘कुणाचे’ सांगता येते. ‘का’ सांगायला माणूसच लागते. आणि ते माणूस तुमच्याकडे आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर मावशींचे एक वाक्य तू कंसात टाकून दिले आहेस : ‘‘भावोजी रात्री कात्री घेऊन बसले होते, पोर मांडीवर होतं.’’ कुठले पोर, कशाला कात्री, हे तू विचारलेच नाहीस. आजच्या आज जा आणि विचार. त्यांचे वय झाले आहे, हे तूच लिहितेस ना?

मग आधी चांदणीची हकीकत कळव, पक्ष्याचे नंतर. पाचांतल्या चार वस्तू दुकानातून आल्या, एकच बापाने हाताने केली. असे समजल्यावर पक्षी कुणाला हवा, हे तिचे तिलाच ठरवू दे. फुल्यांचा कागद मात्र दोघी बहिणींना पाठव. निवाडा तू केला नाहीस, कागदाने केला, हे दिसले की तुझ्यावरचा राग ओसरेल.

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, आमच्याकडे नाताळ नसतो म्हणून पान उलटू नका. तुमच्या माळ्यावर गौरीचे मुखवटे नाहीत? बाळाच्या पायातले वाळे, नाव घातलेली तांब्या-पितळेची भांडी, सासूबाईंची पैठणी? कुठले कुणी, कधी, कशासाठी दिले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मुलीला आहे का? या रविवारी दुपारी चहा झाल्यावर घरातल्या सगळ्यांत वडील बाईंना जवळ बसवा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. त्या बोलतील ते लिहा : कुणाचे, कुठल्या साली, आणि ते साल कशावरून. पेन्सिलीने लिहा, शाई ओल धरते. चिठ्ठी दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी लावू नका, ती निघताना रंग घेऊन निघते.

काचेच्या जुन्या वस्तू असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, वरचा रंग सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, जुन्या मलमलीत गुंडाळा आणि जड वस्तू खाली, हलकी वर अशी डब्यात ठेवा.

वसईच्या भगिनींनी झाड उभे राहिल्यावर फोटो जरूर पाठवावा. आणि हो, मागे साल लिहायला विसरू नका!

तुमची,
ताई