'पडीक' कोणाचे?

माडबनच्या सड्याला सरकारी कागदांनी 'पडीक' ठरवले, आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक गप्प बसलो. शब्द आमच्या भाषेतला, तरीही! पावसाळ्यात त्याच कातळावर गवत माजते, गुरे चरतात; आंब्याच्या कलमांसाठी माणसांनी कातळ फोडून, माती वाहून खड्डे भरलेले असतात. असा सडा पडीक कसा?

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला (तेव्हाची नियोजित क्षमता ९,९०० मेगावॉट) २०१० मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. ही ऊर्जा 'स्वच्छ' म्हणे. धूर नाही, हे मान्य. कोळशाची वकिली आम्हांस करावयाची नाही. पण अणुभट्टीची यंत्रणा थंड करून समुद्रात परतणारे कोमट पाणी साखरीनाट्याच्या मच्छीमाराने कोणत्या विशेषणात बसवावे? एप्रिल २०११ मध्ये तिथलाच एक मच्छीमार पोलिसांच्या गोळीबारात मेला. त्या वर्षीही 'प्रादेशिक साहित्यातील निसर्ग' आम्ही नेहमीच्याच टिपणांवरून शिकवला.

पुढे बारसू. तिथली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. २०२३ मध्ये त्याच सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण झाले. तेव्हाही 'पडीक' हाच शब्द कानी आला, आणि आमच्यापैकी कोणी तो खोडला नाही.